लेबलवरचा एल

“एल आहे का, अप्पा?” मी विचारलं.

दुकानात गर्दी होती. माझ्या कोपराला कुणाची तरी पिशवी घासत होती आणि काउंटरच्या पलीकडून दोन माणसं दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांशी एकदम बोलत होती. माझ्या हातात बोटभर लांब आणि दोन बोटं रुंद अशी एक पट्टी होती, प्लास्टिकच्या पातळ डबीतून नुकतीच काढलेली. लॅपटॉपची रॅम. मी ती वडिलांच्या दिशेने पुढे केली.

“स्टिकरवर बघा. पी सी थ्री असं असेल. त्याला लागूनच एल पाहिजे. मग आडवी रेघ, मग बारा हजार आठशे.”

अप्पांनी पट्टी घेतली. थोडा वेळ गेला. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते, असं पुटपुटून त्यांनी चष्मा पुसल्याचा आवाज आला.

“आहे,” ते म्हणाले. “पी सी थ्री एल. बारा हजार आठशे.”

“नक्की ना?”

“अगं, वाचतोय ना मी.”

मग मी अजून काही विचारलं नाही. पट्टी डबीत घातली, डबी पर्समध्ये ठेवली.

मला जन्मापासून दिसत नाही. हे मी कुणालाही सरळ सांगते, कारण समोरचा माणूस ते ओठावर आणायला उगाच वेळ घालवतो. सोलापुरात वाढले, अंधशाळेत शिकले, कॉलेज नेहमीच्या मुलांबरोबर केलं. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती, तेव्हा अप्पांनी ती वाचून कॅसेटमध्ये भरली. बत्तीस वर्षं ते एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावायची, गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी तारीख वाचायची आणि घरी येऊन माझं अर्थशास्त्र वाचायचं. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. बिलं, पत्रं, भांड्याच्या खोक्यावर छापलेलं वॉरंटीचं कलम, सगळं तेच वाचत. त्यांनी ‘आहे’ म्हटलं की माझ्या लेखी ते होतंच.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी दुकान सोडलं. उभं राहून पाय भरून येतात, असं कारण सांगितलं. सत्तरीला टेकलेल्या माणसाने हे म्हटल्यावर त्यात विचारण्यासारखं मला काही वाटलं नाही.

त्या शनिवारी मला घाई होती ती सोमवारची. पुण्याची एक संस्था ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग चालवायची. घरातल्या विजेची दुरुस्ती, शिलाई, मोबाईलची कामं. शिकवणारा बोलत असताना त्याचं बोलणं कुणीतरी जसंच्या तसं मराठीत टाईप करायचं, म्हणजे मुलांना ते पडद्यावर वाचता येतं. मला हे काम हवं होतं. माझा टायपिंगचा वेग चांगला होता आणि ऐकण्याची सवय तर जन्माची. पहिल्या चाचणीला मी बसले आणि अर्ध्या तासात माझा लॅपटॉप गोठला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मला वाचून दाखवणारा आवाज, तो मागे पडायला लागला. मी टाईप केलेलं अक्षर तीन-तीन सेकंदांनी ऐकू येई. मग तेही बंद. बारा सेकंदांनी सगळं परत चालू झालं, पण तेवढ्यात एक वाक्य निघून गेलं होतं.

संस्थेच्या नसरीन मॅडम नंतर फोनवर शांतपणे बोलल्या. “ते वाक्य होतं, आधी मेन स्विच बंद करा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते बोललंच गेलं नाही, गिरिजाताई. तुमचा हात चांगला आहे. मशीनचं काहीतरी करा. सोमवारी अकराला परत बसा. त्याच दिवशी दुसऱ्याही एक बाई येणार आहेत.”

नवा लॅपटॉप घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती. जुन्याला सहा वर्षं झाली होती. मी दोन दिवस फोनवर त्याची माहिती काढत बसले, कंपनीचं जुनं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत ऐकलं. आत दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. आठची एक घातली तर मीटिंग, स्क्रीन रीडर आणि टायपिंग असं तिन्ही एकदम पेलणार होतं. हार्ड डिस्क टकटक करायला लागली होती, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, बसणार होती, पण सात मिलिमीटर जाडीचीच. त्याहून जाड असली तर खालचं झाकण लागत नाही. जाडी मला बोटांनी कळते. रॅमची जातही बरीचशी कळते, कारण प्रत्येक पिढीच्या पट्टीला दातांच्या रांगेत एक खाच असते आणि तिची जागा वेगळी असते. नखाने चाचपलं की समजतं.

अडचण एकच होती. माझ्या लॅपटॉपला लागणाऱ्या पिढीत दोन प्रकार होते. एक नेहमीच्या दाबाच्या विजेवर चालणारा आणि एक कमी दाबाच्या. माझ्या मशीनला फक्त कमी दाबाचा चालत होता. दोन्हींचा आकार एक, खाच एका जागी, वजन एक. फरक स्टिकरवर छापलेल्या एका अक्षराचा. फोनमधलं अक्षर वाचणारं अ‍ॅप मी दुकानात लावून पाहिलं, पण चकचकीत स्टिकरवर ते काहीबाही बडबडायला लागलं. काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर तो माझ्याशी न बोलता अप्पांना म्हणाला, काका, सगळ्यांना हेच चालतं, आणि सील फोडल्यावर परत घेत नाही. म्हणून मी अप्पांना वाचायला लावलं.

एरवी मी माझं मशीन व्यंकटेश दासरींकडे नेत असे. अशोक चौकाच्या मागे त्यांचं एका खोलीचं दुरुस्तीचं दुकान होतं. पण ते लग्नाला तेलंगणात गेले होते, रविवारी दुपारी परतणार होते. तोवर थांबायचा मला धीर नव्हता. हे काम हाताचं आहे, मी स्वतः करू शकते, असं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शनिवारी संध्याकाळभर जुन्या डिस्कवरचं सगळं रॅमबरोबरच आणलेल्या नव्या एसएसडीवर उतरवत बसले. मधे दोनदा डिस्क अडखळली आणि मी घाबरले, कारण माझी सगळी कामं, सगळे पत्ते, सगळं तिच्यातच होतं. नऊच्या सुमारास ‘पूर्ण झाले’ असं ऐकलं आणि मी जेवायला बसले.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर घडी करून पसरली, लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली. अकरा स्क्रू. प्रत्येक निघाला तसा चादरीवर त्याच्याच जागी ठेवत गेले, म्हणजे लांब-आखूड यांची गल्लत होत नाही. एसएसडी पहिल्या झटक्यात बसली. मग जुन्या पट्ट्या काढल्या, नवी पट्टी तिरकी सरकवली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चापांनी ‘टक्’ केलं. हा आवाज फार समाधानाचा असतो. अप्पा समोर चहा घेत बसले होते.

बटण दाबलं. पंखा फिरला. मग पीप, पीप, पीप. आणि पंखा थांबला.

दिसणाऱ्या माणसाला अशा वेळी पडद्यावर काहीतरी दिसत असेल. मला मशीन बोललं नाही की माझ्यापुढे नुसता धातूचा डबा असतो. मी परत बटण दाबलं. परत तीन पीप. पट्टी काढून दात रुमालाने पुसले, परत बसवली. तीन पीप. दुसऱ्या खाचेत घातली. तीच गत. मग जुन्या पट्ट्या लावल्या आणि ते मुकाट सुरू झालं, डेस्कटॉप म्हणून बोललं. म्हणजे एसएसडी ठीक, मशीन ठीक. नवी रॅम परत घातली. तीन पीप.

मला वाटलं, मीच कुठेतरी जास्त दाबलं. एखादा दात वाकवला. आपल्याला येतं म्हणून मिरवलं आणि चोवीस तास राहिले असताना मोडून ठेवलं. लेबलाबद्दल मला शंका आलीच नाही. ते अप्पांनी वाचलं होतं.

तरीही काही सुचत नव्हतं म्हणून म्हणाले, “अप्पा, एकदा परत वाचता का? एकेक अक्षर सांगा.”

मी पट्टी तळहातावर आडवी ठेवली आणि हात खिडकीकडे, उजेडात नेला. दातांना आणखी हात लागायला नकोत म्हणून त्यांनी ती घेऊ नये, नुसतं वाचावं, असंही सांगितलं. अप्पा खुर्ची सरकवून उठले. त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागला.

“पी,” ते म्हणाले. “सी. थ्री. एल. रेघ. बारा हजार आठशे.”

रॅमच्या पट्टीला दोन्ही अंगांना चिप असतात, पण स्टिकर एकाच अंगाला. चिपच्या बाजूला लहान लहान चौकोन बोटाला लागतात. स्टिकरची बाजू गुळगुळीत असते. त्या क्षणी माझ्या तळहाताला गुळगुळीत लागत होतं.

मी अंगठा वरून फिरवला. चौकोन. परत फिरवला. चौकोनच. स्टिकर खाली होता, माझ्या कातडीला टेकलेला. वरच्या बाजूला वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

तरी मी विचारलं, “त्याच्या खालच्या ओळीत काय आहे?”

“कंपनीचं नाव.”

“कुठलं?”

बाहेर भाजीवाला ओरडत गल्लीच्या टोकाला पोचला.

“अप्पा, स्टिकर खालच्या बाजूला आहे,” मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. बसताना त्यांचा हात टेबलावर, मग खुर्चीच्या पाठीवर फिरल्याचा आवाज मला आला. अशा आवाजाची मला चांगली ओळख आहे. तो माझा आवाज आहे. आमच्या घरात तो अजून एका माणसाचा होता आणि इतके महिने मला ऐकू आला नव्हता.

“कधीपासून?” मी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं, पण सलग नाही. जानेवारीत अक्षरांच्या मधोमध डाग दिसायला लागला. कडेचं दिसायचं, म्हणून चालता यायचं, रस्ता ओलांडता यायचा, माणूस ओळखता यायचा. जिथे बघावं तेच नेमकं पुसलेलं. त्यांना पंधरा वर्षं मधुमेह. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एका म्हातारीने रक्तदाबाची पाच मिलिग्रॅमची गोळी मागितली असताना त्यांनी तिला दहाची दिली. तिच्या मुलाने घरी जुनं पाकीट शेजारी धरून पाहिलं आणि परत आणून दिली. मालक दुकानात नव्हता. कुणाला कळलं नाही. अप्पांनी पुढच्या आठवड्यात काम सोडलं.

“मग डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“गेलो की ते सांगणार. त्यांनी सांगितलं की तुला सांगावं लागणार.”

“मग?”

“या घरात एक तरी बघणारा पाहिजे की गं,” अप्पा म्हणाले.

मला राग आला. दयाही आली असेल, पण आधी राग आला, आणि तो मी लपवला नाही. बिलं, पत्रं, बँकेचे कागद, या आठ महिन्यांत त्यांनी मला काय काय वाचून दाखवलं आणि त्यातलं किती अंदाजाने, असं मी विचारलं. ते म्हणाले, बरंचसं. शेजारच्या पोराला हळूच विचारून घ्यायचो, तो नसला की अंदाज. “काल तुम्ही मला नुसतं खरं सांगितलं असतंत,” मी म्हणाले, “तर मी त्याच दुकानात दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं. त्यात काय होतं एवढं?”

उत्तराची वाट न बघता मी दासरींना फोन लावला. ते तासाभरापूर्वीच पोचले होते.

रिक्षाने आम्ही दोघं अशोक चौकात गेलो. दासरींनी पट्टी हातात घेतली आणि माझ्याशीच बोलले. “मॅडम, पी सी थ्री, मग लगेच रेघ. मधे काही नाही. ही तुमच्यात नाही चालणार.” त्यांनी आतल्या खोक्यात शोधलं. एका डॉक्टरीणबाईंच्या लॅपटॉपचा बोर्ड गेला होता, त्यातली आठची पट्टी त्यांच्याकडे होती. न सांगता त्यांनी ती एकेक अक्षर वाचली, मला हातात देऊन स्टिकर कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं, मगच बसवली. मशीन सुरू झालं आणि पंधरा सेकंदांत बोलायला लागलं. मी मुद्दाम एकामागून एक खिडक्या उघडल्या, भराभर टाईप केलं. प्रत्येक अक्षर बोटाखालून उठल्याबरोबर ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मला इतका जवळून आला नव्हता.

आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि अप्पांच्या देखत विचारलं, “दासरी, अप्पांना वाचता येईनासं झालंय. साखर आहे. डोळ्याच्या पडद्याचं असेल. तुमच्या आईचं डोळ्याचं कुठे केलंत?”

दासरी सहज बोलले. इथल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात पडद्याचे डॉक्टर हैदराबादहून येतात, महिन्यातून दोनच सोमवार, सकाळी. गर्दी फार असते, साडेआठला नंबर लावावा लागतो. उद्या येणार आहेत. पुढे एकदम पंधरा दिवसांनी.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, “आता सगळ्या गावाला सांगणार आहेस का?”

“ज्याला सांगायला पाहिजे त्याला.”

“मग पंधरा दिवसांनी जाऊ. उद्या तुझी चाचणी आहे.”

हे म्हणताना त्यांच्या आवाजात जो हलकेपणा आला तो मला आवडला नाही. पंधरा दिवसांनी अजून काहीतरी निघालं असतं. आणि दुसरीकडे अकरा वाजता ती दुसरी बाई बसणार होती. त्या दुपारी मी घरात येरझाऱ्या घालत होते. एकट्यांना पाठवलं तर ते जातील की वाटेत कुठे बसून परत येतील, हे मला सांगता येत नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत असा प्रश्न माझ्या मनातसुद्धा आला नसता. शेवटी नसरीन मॅडमना फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, वेळ बदलता येत नाही, चार जिल्ह्यांतली मुलं एकत्र बसतात. “पण तुम्ही कुठे बसता याच्याशी मला काही देणंघेणं नाही. टायपिंग थांबता कामा नये, एवढंच.”

सोमवारी साडेआठला आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. नंबर बराच मागचा आला. तिथे झाडणाऱ्या मावशींना विचारून मी बोळाच्या टोकाचं, भिंतीत प्लग असलेलं बाकडं गाठलं. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून दोनदा तपासलं. साडेदहाला नर्सने अप्पांच्या डोळ्यांत औषध घातलं, पापण्या मिटून बसायला सांगितलं. ते माझ्या डाव्या हाताला बसले. खांद्याला खांदा लागत होता.

अकरा वाजता मी हेडफोन चढवला. उजव्या कानात शिकवणारे सर, डाव्या कानात मी टाईप करते ते बोलणारं मशीन. हे काम करायचं म्हणजे दोन्ही कान द्यावे लागतात. माझ्यासारख्या बाईने दोन्ही कान दिले की मग भोवती काय चाललंय, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं नाव पुकारलं, काही उरत नाही. अप्पांना मी सांगून ठेवलं होतं की नाव ऐकलं तर मला कोपराने ढोसा, मी दोन मिनिटं थांबवीन. थांबवता येणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सर भराभर बोलत. वायरचे रंग, कुठली कुठे, टेस्टर कसा धरायचा. माझी बोटं त्यांच्या मागे धावत होती आणि मशीन माझ्या बोटांच्या मागे नव्हतं, बरोबर होतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस. सर म्हणाले, आता मेनकडे जाऊ. आणि नेमकं तेव्हा माझ्या खांद्याजवळची ऊब गेली.

मी डावा हात उचलला असता तर एक वाक्य गेलं असतं. कुठलं, ते मला माहीत होतं. कदाचित अप्पा पाय मोकळे करायला उठले असतील. कदाचित घराकडे निघाले असतील. पापण्या मिटलेल्या, पायऱ्यांच्या बाजूला गेले असतील. हे सगळं एका बाजूने चालू होतं आणि दुसऱ्या बाजूने मी टाईप करत होते, मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, बंद केला तरी टेस्टरने तपासायचं, घरात दुसरं कुणी असेल तर त्याला सांगून ठेवायचं. माझ्या हनुवटीवरून घाम कीबोर्डवर पडत होता. मी थांबले नाही. आजही मला खात्रीने सांगता येत नाही की मी बरोबर केलं.

अकरा-पन्नासला वर्ग संपला. मी हेडफोन ओढून काढला आणि बाजूला हात टाकला. बाकडं गार होतं.

“इथे एक काका बसले होते,” मी मोठ्याने म्हणाले.

समोरून एका बाईचा आवाज आला. “आत गेले की. दोनदा नाव पुकारलं. तुमच्यापाशी हात आणला, मग परत घेतला. भिंत धरून गेले. मी म्हणलं सोडते, तर नको म्हणले.”

मी बसून राहिले. फोन वाजला. नसरीन मॅडमचा निरोप होता: एकही वाक्य गेलं नाही, उद्या बोलू. ते काम मला मिळालं आणि मी ते अजून करते. तो लॅपटॉप नंतर तीन वर्षं चालला. पण त्या वेळी मी निरोप एकदा ऐकला आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

बऱ्याच वेळाने चपला ओळखू आल्या. सावकाश, भिंतीच्या कडेने. अप्पा बसले.

“झालं तुझं?” त्यांनी विचारलं.

“झालं. तुम्ही सांगा.”

“डाव्याचं काही होणार नाही म्हणाले. उशीर झाला. उजव्याला सूज आहे, डोळ्यातच इंजेक्शन देतात. महिन्याला एक, सहा-सात तरी. राहिलंय ते टिकेल. वाचता येईल का, ते आत्ता सांगत नाहीत. आणि आधी का आला नाहीत म्हणून ओरडले.”

“अजून काही?”

“नाही. एवढंच.”

“भीती वाटायलीय का?”

“हो,” अप्पा म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. पुढची तारीख घ्यायची होती. नर्सने सांगितलेलं काउंटर कुठे होतं ते मला माहीत नव्हतं, आणि औषधाने अप्पांच्या पुढे तर नुसता उजेड होता. आम्ही उठलो. पिशवी मी खांद्याला लावली, काठी उघडली. चार पावलं गेलो असू, तेवढ्यात समोरून कुणाचे तरी बूट आले. मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले.

“दादा, जरा थांबता का? मला दिसत नाही. तारीख देतात ते काउंटर कुठे आहे?”